लाल कार्ड आणि आक्काचं अपील

"भाऊ, तुमी मडगावला बँकेत व्हता न्हवं? मंग फुटबालातलं तुमाला कळत आसंल. लाल कार्डावर अपील करायचं तर कागुद कुणाच्या नावानं करायचा?"

कुंपणापलीकडून आक्काचा हा सवाल आला तेव्हा मी पाण्याचा पाइप गुंडाळत होतो. आमच्या दोन घरांमध्ये चार तारा आणि त्यांवर चढलेला घेवडा, एवढंच कुंपण. मंचरातल्या निम्म्या भानगडी त्या घेवड्याच्या आडून इकडच्या तिकडे होतात. कुणाचं लग्न जमलं, कुणाचं मोडलं, बाजार समितीत बटाट्याला काय भाव फुटला, अवसरीच्या रस्त्याला काल रात्री बिबट्या कुणाला आडवा गेला, सगळं. फुटबॉल मात्र पहिल्यांदाच आला.

आक्काचा नातू पुण्यात शिकतो आणि तिथल्या कुठल्याशा लीगमध्ये खेळतो. रविवारी त्याला लाल कार्ड दाखवलं आणि सोमवारी तीन सामने बंदीचं पत्र आलं. आक्का सुपात पावट्याच्या शेंगा घेऊन सोलायला बसली होती, पण राग असा की दाणे सुपाच्या बाहेर आणि टरफलं आत.

"केलं काय त्यानं?" मी विचारलं.

"कायबी न्हाई! रेफ्रीशी बोलला म्हनं. बोलायचं बी न्हाई का आता? माझं लेकरू गाईवानी गरीब. मी तर म्हनते, कोर्टात जाऊ."

समोरच्या ओट्यावर आबा तंबाखू मळत बसले होते. त्यांचं निम्मं आयुष्य बैलगाडा शर्यतीच्या घाटात गेलेलं. ते तिथूनच म्हणाले, "आक्के, घाटात झेंडा पडला की पडला. बारी बसली का नाय बसली, किती सेकंद लागले, ते घड्याळवाला सांगंल तेच खरं. मागनं कमिटीपुढं किती बी आदळआपट करा, बारी परत मिळत नसती."

मी म्हटलं, "आबा बरोबर बोलतायत. फुटबॉलच्या नियमात हेच लिहिलंय. खेळाच्या ओघात जे घडलं त्यावर रेफरीनं दिलेला निर्णय अंतिम. फाऊल होता की नव्हता, कार्ड पिवळं हवं होतं की लाल, यावर दुसऱ्या दिवशी कुणी पंचायत बसवत नाही. नाहीतर दर सोमवारी देशभरातले क्लब वकील घेऊन उभे राहतील."

"म्हंजी रेफ्री देव झाला."

"देव नाही. चुकतो. पण त्याची चूक दुरुस्त करायची वाट फार अरुंद ठेवलीय. इंग्लंडात 2014 साली चेल्सी आणि आर्सेनलची मॅच होती. आर्सेनलच्या एका खेळाडूनं गोलाकडे येणारा चेंडू हातानं अडवला. रेफरीनं लाल कार्ड काढलं आणि दाखवलं दुसऱ्यालाच! हात लावला ऑक्सलेड-चेंबरलेननं, बाहेर काढलं किरन गिब्जला. चेंबरलेन बिचारा तिथंच सांगत होता, अहो मी होतो, मी. तरी गिब्जच गेला बाहेर."

आक्काचा हात शेंगेवर थांबला. "आन् मंग?"

"मग नंतर गिब्जचं कार्ड रद्द केलं. माणूसच चुकला होता ना. फिफाच्या नियमावलीतसुद्धा हा अपवाद आहे, उघड चूक, भलत्याच माणसाला शिक्षा. गंमत म्हणजे चेंबरलेनलाही बंदी घातली नाही, कारण चेंडू तसाही गोलाच्या बाहेरच चालला होता. आर्सेनल ती मॅच सहा-शून्यानं हरलं ते हरलंच. ती काही कुणी परत खेळवली नाही."

"सहा गोल!" आबा म्हणाले. "मंग अपिलाला तोंड तरी काय राहिलं."

फुटबॉलात लाल कार्डाला एक सामना बंदी आपोआप लागते, हे मी आक्काला समजावलं. त्याला समिती लागत नाही, पत्र लागत नाही. कार्ड निघालं की पुढची मॅच बाहेर. पिवळ्याचंही तसंच, फक्त ते साठत जातं. स्पर्धेप्रमाणे आकडा वेगळा. वर्ल्ड कपात दोन सामन्यांत दोन मिळाली की एक सामना घरी. इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये पहिल्या 19 सामन्यांत पाच झाली की एक सामना घरी. त्यापुढची शिक्षा, म्हणजे एकाचे तीन किंवा तीनाचे सहा करायचे, हे मात्र शिस्तपालन समितीचं काम. रेफरी रात्री अहवाल लिहितो, मॅच कमिशनर लिहितो, व्हिडिओ पाहतात, खेळाडूला कारणे दाखवा नोटीस जाते, तो उत्तर देतो आणि मग निकाल.

"आपल्याकडे अंधेरीत 20 डिसेंबर 2023 ला काय झालं ठाऊक आहे का? मुंबई सिटी आणि मोहन बागान. एका मॅचमध्ये सात लाल कार्डं! चार मुंबईची, तीन बागानची. आपल्या मुंबईचा राहुल भेके, गोव्याचा लिस्टन कुलासो, दोघंही त्यात. त्यातली काही कार्डं तर शेवटची शिट्टी वाजल्यावर निघाली. खेळ संपला होता, भांडण नव्हतं संपलं. त्या रेफरीच्या अहवालाला त्या रात्री किती कागद लागले असतील कुणास ठाऊक."

"आन् जिकलं कोन?"

"मुंबई. दोन-एक."

"मंग बराबर हाय," आबा म्हणाले. आबांचा न्याय असा सरळ.

आक्काला एवढ्यानं समाधान नव्हतं. तिला पायरी हवी होती, खालची, मधली, वरची. मी म्हटलं, "वरपासून सांगतो. फिफाच्या स्पर्धांत शिस्तपालन समितीनं शिक्षा दिली की तिथल्या अपील समितीकडे जाता येतं. पण निकाल हातात पडल्यापासून तीन दिवसांत कळवायचं, आम्ही अपील करणार म्हणून. त्यानंतर पाच दिवसांत कारणं लेखी द्यायची. आणि वर हजार स्विस फ्रँक भरायचे, आपल्या पैशात लाखाच्या घरात. मुदत चुकली की तुमचं म्हणणं शंभर टक्के खरं असलं तरी कुणी ऐकून घेत नाही."

"तीन दिस? आपल्या हितं तीन दिसात नकला बी मिळत न्हाईत."

"हां. आणि अजून एक. बंदी दोन सामन्यांची किंवा त्याहून कमी असेल, तर तिथं अपीलच चालत नाही. तुझ्या नातवाला तीन मिळाले ना? त्यानं नशीब काढलं म्हण. दोन मिळाले असते तर फिफाच्या हिशेबानं तोंड उघडायची सोय नव्हती."

आक्कानं माझ्याकडे असं बघितलं, की तीन सामने मीच दिले.

"मोठमोठ्यांना तरी कुठं सोडलंय," मी घाईनं पुढं गेलो. "तो रोनाल्डो. नोव्हेंबर 2025 मध्ये आयर्लंडविरुद्ध कोपर मारलं म्हणून लाल कार्ड. वर्ल्ड कप तोंडावर. फिफानं बंदी घातली तीन सामन्यांची, पण त्यातले दोन लटकते ठेवले. वर्षभर सरळ वागलास तर माफ, परत असलं काही केलंस तर ते दोनही भोग. एक सामना तो बाहेर बसला आणि मोकळा झाला."

"रोनाल्डो न्हाई का, म्हनून," आक्का म्हणाली. "माज्या नातवाला कोन लटकतं ठेवतंय."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. खरं सांगायचं तर जगभर पुष्कळांनी हेच म्हटलं. नियमात तशी सोय आहे, हेही खरं. पण सोय कुणासाठी वापरली जाते ते लोक बघतातच.

तेवढ्यात आबांनी मुद्द्याचं विचारलं. "अपील टाकल्यावर बंदी थांबती का? आमच्या गाड्याची सात वर्षं थांबली नव्हती."

आबांच्या या जखमेवरची खपली कधीही निघते. सुप्रीम कोर्टानं 2014 मध्ये शर्यतींवर बंदी घातली. राज्यानं 2017 मध्ये कायदा केला, तोही अडकला. डिसेंबर 2021 मध्ये अटींवर परवानगी मिळाली आणि मे 2023 मध्ये घटनापीठानं कायदा मान्य केला. तोवर आंबेगाव-जुन्नरच्या घाटांवर गवत वाढलं, यात्रा झाल्या पण बारी नाही, आणि आबांची दावणीची खोंडं न धावताच म्हातारी झाली. पुढं निकाल बाजूनं लागला, पण गेलेला हंगाम काही कुणी परत देत नाही.

"नाही थांबत, आबा. तेच तर दुखणं आहे. फिफाच्या नियमाप्रमाणे अपील केल्यानं पैशाचा दंड थांबतो. माणसाची बंदी नाही थांबत. खेळाडू बाहेर बसून निकालाची वाट बघतो. निकाल त्याच्या बाजूनं लागला तर म्हणतात, ये आता. तोवर मॅच झालेली असते. म्हणून शहाणे वकील आधी स्थगिती मागतात, मग बाकीचं भांडतात."

"मंग त्यो लुझान का काय म्हनत्यात, टीव्हीवर, थितं?"

आक्कानं लोझान ऐकलेलं होतं, याचं मला कौतुक वाटलं. तिचा नातू तासभर तरी फोनवर रडला असणार.

"लोझान. स्वित्झर्लंडात. खेळांचं लवाद न्यायालय आहे, 1984 पासूनचं. देशाच्या फेडरेशननं नाही ऐकलं की शेवटी तिथं. साधारण 21 दिवसांच्या आत जायचं. तीन लवाद बसतात. एक तुमच्या पसंतीचा, एक समोरच्याच्या पसंतीचा आणि अध्यक्ष कोर्टाकडून. आता तुम्हाला गोव्याची गंमत सांगतो. ती ऐकलीत ना, की अपील कशाशी खातात ते कळेल."

आणि मग मी जरा सैलावलो. मडगावला नोकरीला असताना फातोर्ड्याच्या स्टेडियमवर मी जेवढ्या संध्याकाळी घालवल्या, तेवढ्या घरी घालवल्या असत्या तर आमच्या हिचा स्वभाव आज वेगळा असता. चर्चिल ब्रदर्स म्हणजे तिथलं मोठं नाव. आलेमाव कुटुंबाचा क्लब. 2009 आणि 2013 ला देशपातळीवरची आय-लीग जिंकलेला. मासळी बाजारातसुद्धा लोक चर्चिल जिंकलं की पापलेट बरा लावून देत, असा माझा समज आहे.

"तर 2024-25 ची आय-लीग. एप्रिल 2025 मध्ये शेवटचा दिवस झाला आणि चर्चिलचे 40 गुण, वाराणसीच्या इंटर काशीचे 39. म्हणजे चर्चिल विजेता. पण इंटर काशी म्हणतो, थांबा, आमचे तीन गुण लटकलेत. ते कुठले? तर 13 जानेवारीला पंजाबच्या नामधारी क्लबनं त्यांना दोन-शून्य हरवलं होतं. आणि त्या मॅचमध्ये नामधारीनं क्लेडसन नावाचा ब्राझीलचा खेळाडू खेळवला, जो पिवळ्या कार्डांमुळे त्या दिवशी बाहेर बसायला हवा होता."

"म्हंजी बंदी आसून खेळला?"

"हेच. शिस्तपालन समितीनं इंटर काशीची बाजू घेतली. मॅच तीन-शून्य अशी काशीच्या नावावर. नामधारीनं अपील केलं. अपील समितीनं आधी स्थगिती दिली आणि हंगाम संपल्यावर निकाल नामधारीकडे. झालं, चर्चिल चँपियन! काशीवाले गेले लोझानला. इकडे एप्रिल संपता संपता गोव्यात चर्चिलच्या हातात ट्रॉफी दिली, आणि त्याच सुमारास तिकडून आदेश आला, की विजेता जाहीर करू नका, समारंभ करू नका."

आबा खदखदून हसले. "वाजत गाजत मिरवणूक काढली आन् मागनं स्टे आला!"

"अगदी. मग जूनमध्ये लोझाननं अपील समितीचा निकाल उलटवला. तीन गुण काशीला. पण भांडण संपलं का? नाही. कारण तोवर दुसरं प्रकरण उभं राहिलं होतं. इंटर काशीनं मारिओ बार्को नावाचा खेळाडू जखमी म्हणून नोंदणीतून काढला आणि नंतर परत नोंदवला. चर्चिल, नामधारी, रिअल काश्मीर सगळे म्हणाले, हे नियमात बसत नाही. देशात तोही निकाल काशीच्या विरोधात. परत लोझान. आणि 18 जुलै 2025 ला तिथून कायमचा निकाल आला, इंटर काशीच विजेता. 42 गुण, चर्चिल 40. आणि वरच्या आयएसएलमध्ये जायचं तिकीटही काशीला."

"आन् ती ट्राफी?"

"ती चर्चिलच्या खेळाडूंनी हातात घेतलेली, फोटो काढलेले. फोटो कुठलं कोर्ट रद्द करणार?"

खरं सांगू का, मला त्या खेळाडूंचं वाईट वाटलं. त्या पोरांनी वर्षभर धावून 40 गुण मिळवले. भांडण होतं पार तिकडे पंजाबात झालेल्या मॅचचं, तिथं खेळलेल्या एका माणसाच्या पिवळ्या कार्डांचं. आणि काशीवाल्यांचंही चुकलं नाही. त्यांनी वेळेत तक्रार केली, मुदत पाळली, कागद राखले. मैदानावर दोन-शून्य हरलेली मॅच त्यांनी कागदावर जिंकली. माझं मत विचाराल तर त्यात लाजण्यासारखं काही नाही. कार्डं मोजायचं काम खेळाडूचं नसतं, क्लबच्या मॅनेजरचं असतं, आणि ज्यानं मोजली नाहीत त्यानं भोगावं.

"मोजनी चुकली म्हनून येवढं?" आक्का म्हणाली. तिनं आता सूप बाजूला ठेवलं होतं.

"मोजणी चुकली म्हणून रेआल माद्रिद स्पर्धेबाहेर गेलंय, आक्का. 2015 च्या डिसेंबरात चेरिशेव नावाचा खेळाडू त्यांनी कपाच्या मॅचला उतरवला. त्यानं तिसऱ्याच मिनिटाला गोल केला. मग कुणाच्या तरी लक्षात आलं, की याला आदल्या वर्षी दुसऱ्या क्लबकडून खेळताना मिळालेल्या पिवळ्या कार्डांची बंदी अजून बाकी आहे. मध्यंतरानंतर लगेच त्याला बाहेर घेतलं. पण एकदा पाऊल मैदानात पडलं की पडलं. रेआल म्हणालं, आम्हाला कुणी कळवलंच नाही. अपिलावर अपील केलं. काही उपयोग झाला नाही, कपातून बाहेर."

"आणि त्याच्याहून वाईट पोलंडचं," मी म्हटलं. हे मला सांगायचंच होतं. माझं आवडतं प्रकरण आहे ते. "2014. लेगिया वॉर्सा विरुद्ध स्कॉटलंडचं सेल्टिक. दोन मॅचची लढत. लेगियानं पहिली चार-एक जिंकली, दुसरी दोन-शून्य. सहा-एक! दुसऱ्या मॅचच्या शेवटच्या चार-पाच मिनिटांत त्यांनी बेरेशिन्स्की नावाचा पोरगा बदली म्हणून आत पाठवला. त्याला तीन सामन्यांची बंदी होती. लेगियाचं म्हणणं, भोगली की तीन! आधीच्या फेरीचे दोन सामने तो बाहेर होता आणि सेल्टिकची पहिली मॅचही."

"मंग झाले की तीन."

"झाले. पण आधीच्या फेरीत लेगियानं त्याचं नावच संघाच्या यादीत लिहिलं नव्हतं. म्हटलं बंदी आहे, कशाला लिहायचं! आणि नियम असा, की यादीत नाव असेल तरच बाहेर बसलेला सामना शिक्षेत धरतात. यादीतच नाही तर तू बाहेर बसलास कुठं, तू तर नव्हतासच. म्हणून त्या दोन मॅच शिक्षेत धरल्या नाहीत. युरोपच्या फेडरेशननं दुसरी मॅच सेल्टिकला तीन-शून्य दिली. मग चार-चार अशी बरोबरी झाली, आणि परक्या मैदानावरच्या गोलाच्या हिशेबानं सेल्टिक पुढं. लेगिया लोझानला गेली, तिथंही हरली."

आबांनी तंबाखू थुंकली. "पोरानं चेंडूला पाय तरी लावला का?"

"लावला असेल एखाद्या वेळी."

"म्हंजी हजेरीला नाव नसलं तर गैरहजेरी बी लागत नाय," आबा म्हणाले आणि बराच वेळ मान हलवत राहिले.

आक्काच्या डोक्यात मात्र वेगळंच चक्र सुरू होतं. ती म्हणाली, "मंग आपुन दिल्लीच्या कोर्टात का न्हाई जायचं? लुझान लांब पडतं."

आक्काची थट्टा वाटली तरी सूचना पोकळ नाही. सप्टेंबर 2024 मध्ये अन्वर अली नावाच्या बचावपटूचं असंच झालं. मोहन बागान सोडून ईस्ट बंगालला गेला म्हणून फेडरेशनच्या खेळाडू दर्जा समितीनं त्याला चार महिन्यांची बंदी घातली आणि 12 कोटी 90 लाखांची भरपाई लावली. प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेलं. तिथं मुद्दा निघाला, की एवढी मोठी शिक्षा दिली, त्याची कारणं कुठं आहेत? काही दिवसांतच फेडरेशननं तो आदेश मागं घेतला आणि नव्यानं सुनावणी घ्यायचं कबूल केलं. अन्वर मैदानात उतरला. तो निर्दोष ठरला म्हणून नव्हे. निकालपत्र अर्धवट होतं म्हणून.

"बघा," मी म्हटलं, "रेफरीशी भांडून कुणी फार जिंकत नाही. जिंकतात ते कागदाशी भांडून. नोटीस दिली का, ऐकून घेतलं का, कारणं लिहिली का, मुदत पाळली का. चिडून मैदान सोडणाऱ्यांचं तर नावच नको. केरळा ब्लास्टर्सनं मार्च 2023 मध्ये बेंगळुरूच्या गोलावर रागावून अख्खी टीम मैदानाबाहेर नेली. चार कोटी दंड, प्रशिक्षकाला दहा सामने बंदी. अपील समितीनं कायम ठेवलं, लोझाननंही ऐकलं नाही."

"म्हंजी अपील करून कायबी कमी व्हत न्हाई."

"होतं ना. एफसी गोवाचं झालं. 2015 च्या डिसेंबरात फातोर्ड्याला फायनल. नव्वदाव्या मिनिटापर्यंत गोवा पुढं होतं आणि मग तीन-दोननं हरलं. रागानं बक्षीस समारंभाला गेलेच नाहीत. पुढच्या हंगामाचे 15 गुण वजा, करोडोंचा दंड आणि दोघा मालकांवर बंदी. अपिलात गुण परत मिळाले, मालकांची बंदी उठली, दंडही खाली आला. तेव्हा मी मडगावातच होतो. त्या फायनलच्या रात्री शेजारच्या बिऱ्हाडात कुणी जेवलं नव्हतं."

"मंग आपुन करूच!"

"थांब. वाढूही शकतं."

"आं?"

"पेरूचा कर्णधार गेरेरो. 2017 मध्ये त्याच्या तपासणीत कोकेनचा अंश सापडला. तो म्हणाला, चहातून गेला असणार. फिफानं एक वर्ष बंदी घातली. अपील केलं, सहा महिने झाले. वर्ल्ड कपच्या आधी बंदी संपत होती. पण गड्याला कलंकच नको होता, तो लोझानला गेला, पूर्ण निर्दोष ठरवा म्हणून. आणि उत्तेजकविरोधी संस्थाही गेली, शिक्षा वाढवा म्हणून. लोझाननं सहाचे चौदा महिने केले!"

आक्कानं कपाळावर हात मारला.

"मग स्विस कोर्टानं ऐन वेळी स्थगिती दिली. पेरूच्या गटातल्या फ्रान्स, डेन्मार्क, ऑस्ट्रेलियाच्या कर्णधारांनीसुद्धा पत्र लिहिलं, त्याला खेळू द्या. तो खेळला आणि ऑस्ट्रेलियाला गोलही मारला. ज्यांच्या कर्णधारानं शिफारस केली त्यांनाच. आणि वर्ल्ड कप संपल्यावर स्थगिती उठली, उरलेली बंदी भोगावीच लागली."

"आसली वैरी मानसं पत्र लिवत्यात," आक्का म्हणाली, "आन् हितं सख्खा चुलता सात-बारावर सही दिना."

अंधार पडायला आला होता. आमच्याकडे हल्ली बिबट्याच्या धाकानं उसाच्या कडेची घरं या वेळेला शेरडं आत घेऊन दारं लावून टाकतात. मी म्हटलं, चला, अर्ज लिहू. आक्कानं आतून नातवाची वही आणली. मी कुंपणाच्या खांबावर वही टेकवून मजकूर सांगत गेलो. "कार्ड चुकीचं होतं असं लिहायचं नाही. पहिला सामना मान्य करायचा, तो तसाही सुटणार नाही. भांडायचं उरलेल्या दोनावर. पत्रात कलम दिलंय का? रेफरीच्या अहवालाची प्रत मागितली का? खेळाडूचं म्हणणं ऐकलं का? याआधी या खेळाडूवर एकही कारवाई नाही, हे वर. आणि पहिल्या ओळीत तारीख. मुदतीच्या आत आहोत हे आधी दिसलं पाहिजे."

"'प्रकृतीनं गरीब' लिवा."

"तसं नाही लिहीत."

"मंग 'शांत स्वभावाचा' लिवा. रेफ्रीला वाईट कायबी बोलला न्हाई, आसं बी लिवा."

इथं मी थबकलो. अपमानास्पद किंवा शिवराळ बोलणं हा थेट लाल कार्डाचा गुन्हा आहे, आणि रेफरीनं ते अहवालात शब्दशः लिहिलेलं असतं. आपण एक लिहायचं आणि त्यांच्या कागदात दुसरंच निघायचं. "आधी त्याला फोन लाव," मी म्हटलं. "नेमकं काय बोललास विचार. शब्दाला शब्द."

आक्कानं फोन लावला, स्पीकरवर टाकला. नातू आधी आढेवेढे घेत होता. मग म्हणाला, "आज्जे, पहिल्यांदा हिंदीतच बोललो, चांगलं. त्यानं ऐकलं नाही. मग मी आपलं आबा बैलांना घालतात ना घाटात, ती घातली. मला वाटलं याला काय कळतंय, दिसायला तर बाहेरचा दिसत होता."

"आन् मंग?"

"मग काय. तो ओतूरचा निघाला."

आबा ओट्यावरून उठले, धोतर झटकलं आणि म्हणाले, "आक्के, तीन म्याच लई कमी दिल्या."